सुताचा हिशेब

मराठी माणसाचे बोलणे सुताने भरलेले आहे. दोघांचे सूत जमते, सज्जन गृहस्थ सुतासारखा सरळ असतो, उतावळा माणूस सुतावरून स्वर्ग गाठतो, पोलिसांना धागेदोरे सापडतात आणि वाटणीची भांडणे म्हणजे तर निव्वळ गुंता. (सूतोवाच मात्र यातले नव्हे. ते पुराण सांगणाऱ्या सूताचे.) एवढे सूत तोंडात खेळवणाऱ्या समाजाने ते कातणाऱ्या बाईला मात्र नाव दिले नाही. विणणाऱ्याला आहे : साळी, कोष्टी, पद्मशाली, मोमीन, घोंगडी विणणारा सनगर. कापूस पिंजणारा पिंजारी झाला, कापड रंगवणारा रंगारी झाला, शिवणारा शिंपी झाला. कातणारीला ना जात, ना आळी, ना आडनाव. कारण उघड आहे. ते काम घरोघरच्या बायका करीत आणि जे काम घरोघरच्या बायका करतात त्याला काम म्हणण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

हे सारे आठवायचे कारण म्हणजे आमचे सूतकताई-विणकाम मंडळ. नाशिकला एका शाळेच्या तळमजल्यावरच्या वर्गात दर रविवारी सकाळी आम्ही चोवीस जण जमतो. निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्यांना सगळे नुसतेच ‘बाई’ म्हणतात. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले दोघे आहेत, एक दंतवैद्य आहे, वास्तुशास्त्राच्या महाविद्यालयातल्या तीन मुली आहेत आणि कारखान्यात लेथवर आयुष्य काढलेले अण्णा आहेत. कोणाच्या चरख्याची चाती वाकडी झाली की अण्णांच्या डोळ्यांत तेज येते. दहा-बारा पेटी चरखे, टकळ्या पोत्याने, एक उभा माग आणि दोन छोटे टेबलावरचे. तीन तास कातायचे, चहा प्यायचा, आठवड्यात कोणी काय विणले ते दाखवायचे, घरी जायचे. बाहेरून पाहणाऱ्याला भजनी मंडळ वाटावे असा हा प्रकार.

अशा मंडळांचा सध्या बराच बोलबाला आहे. पुण्या-मुंबईकडे तर शनिवार-रविवारी टकळी शिकवणारे वर्ग निघतात, त्याला फी असते, आणि जाहिरातीत हमखास लिहिलेले असते की कातण्याने मन शांत होते, ध्यान लागते. माझे मत विचाराल तर या ध्यानाच्या बोलण्यानेच कातणारीचे जास्त नुकसान केले आहे. आमच्याकडे एकदा सिन्नर तालुक्यातल्या एक धनगर आजी आल्या होत्या. लोकर कशी कातायची ते त्यांनी दाखवले. मेंढीची वर्षातून दोनदा कातरलेली काळी लोकर पिंजून त्या सूत काढीत होत्या आणि हात असा चालला होता की आमचे चरखे आपोआप थांबले. मुलींपैकी एकीने भाबडेपणाने विचारले, ‘‘आजी, कातताना ध्यान लागतं का हो?’’ आजी हसल्या. ‘‘ध्यान कसलं बाय, पाठ लागती,’’ म्हणाल्या. आज त्या लोकरीला भाव येत नाही, म्हणून कित्येक मेंढपाळ ती रानातच टाकून देतात. आणि जिला चिंचोक्याची खळ लावून मागावर चढवत ती घोंगडी आता जागरणापुरती आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवण्यापुरती उरत चालली आहे. तिथे ध्यान लागून कोणाचे पोट भरणार?

तर आमच्या मंडळात या पावसाळ्यात वाद झाला. वाद म्हणजे आपल्या मध्यमवर्गीय रीतीचा. आवाज चढले नाहीत, पण दोन रविवार चहा गार झाला. झाले असे, मुंबईतल्या एका दुकानाने आमची दोन-चार उपरणी पाहिली आणि दिवाळीपूर्वी चाळीस हवीत म्हणून सांगितले. किंमत आम्ही मागू त्याहून बरी होती. अट एकच : कापडावर ‘हाताने कातलेले, हाताने विणलेले’ अशी चिठ्ठी हवी. वेळेचे काय, असे विचारल्यावर दुकानदाराने मोकळेपणाने तोडगा सुचवला. ताणा गिरणीच्या सुताचा घ्या, बाणाही निम्मा घ्या, बोट फिरवून कोणाला कळते? विणता तर हातानेच ना!

अण्णांनी लगेच कागद-पेन्सिल घेतली. आमचे उपरणे दोन मीटर लांब, चोवीस इंच पन्ह्याचे. इंचाला छत्तीस धागे उभे आणि तेवढेच आडवे धरले, तर एका उपरण्यात सुमारे साडेतीन किलोमीटर सूत जाते. चाळिसांचे झाले एकशे चाळीस किलोमीटर. म्हणजे गोदाघाटावर टोक धरून चालू लागले तर ठाण्याच्या आसपास सूत संपेल. आमच्यासारखी हौशी माणसे पेटी चरख्यावर तासाला अडीचशे मीटर काढतात, तेही तुटलेले धागे सांधण्यात वेळ गेला नाही तर. चोवीस जणांनी आठवड्याला तीन-तीन तास दिले तर नुसते कातायलाच आठ आठवडे लागतील. मग गुंड्या करणे, खळ लावणे, ताणा काढणे, फणीतून एकेक धागा ओवणे. धोट्याचा खटखटाट सुरू व्हायला दिवाळी उजाडणार.

या हिशेबाने मंडळात शांतता पसरली. मला मात्र वाटले, आपण वर्षभर रविवारी येतो त्याचा खरा उपयोग आज झाला. कापडाच्या दुकानात उभे राहून ‘खादी एवढी महाग?’ म्हणणाऱ्या माणसाला हा कागद फ्रेम करून द्यावा.

कारण गिरणी आली तेव्हा नेमके हेच घडले होते. आपण इतिहासात वाचतो की विलायती कापडाने आपला विणकर मारला. विणकराचे हाल झाले हे खरेच, पण तो पुरता मेला नाही. त्याने गिरणीचे सूत घेतले आणि हातमाग चालू ठेवला. स्वस्त आणि एकसारख्या सुताने त्याचे एक दुखणे कमीच झाले. कारण जुन्या चरख्यांच्या काळी एक माग चालता ठेवायला कितीतरी चरखे फिरावे लागत. मेली ती कातणारी, आणि ती आधी मेली. बंगालमधल्या ‘समाचार दर्पण’ या पत्रात १८२८ साली शांतिपूरच्या एका विधवेचे पत्र छापून आले होते. कातण्यावर तिने संसार ओढला होता, मुलींची लग्ने केली होती, सासऱ्याचे श्राद्ध केले होते. विणकर दारी येऊन सूत घेऊन जात. विलायती सूत आले आणि ते येईनासे झाले. तिचे सूत कोणी फुकट घेईना. मुंबईची पहिली सूतगिरणी निघाली १८५४ साली. तिच्या पंचवीसएक वर्षे आधीचे हे पत्र आहे. पुढच्या पाऊणशे वर्षांत हे काम असे पुसले गेले की गांधीजींनी चरखा शोधायला सुरुवात केली तेव्हा तो सापडेना. गंगाबेन मजमुदार यांनी गुजरातभर हिंडून अखेर बडोदा संस्थानातल्या विजापूरला चरखे शोधले, आणि तेही लोकांनी माळ्यावर अडगळीत टाकलेले.

आमच्या दुकानदाराने सुचवलेली युक्ती, म्हणजे, दोनशे वर्षांची जुनी आहे. विणणारा ठेवा, कातणारी गाळा, चिठ्ठी मात्र दोघांच्या नावाची लावा.

नाशिककर म्हणून मला या गोष्टीचे आणखी एक कुतूहल आहे. विणकरांच्या संघटनेचा फार जुना लेखी पुरावा आमच्या दारात आहे. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या, म्हणजे आताच्या गंगापूर-गोवर्धनकडच्या, विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक या व्याजाने. एक हजार दुसरीकडे, महिना शेकडा पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी मिळावेत, अशी योजना. वीस गुणिले बारा दोनशे चाळीस. दोन हजारांचे वर्षाचे बारा टक्के व्याजही दोनशे चाळीसच. हिशेब चोख आहे. हा व्यवहार निगमसभेत जाहीर केला आणि फळ्यावर नोंदवला, असेही लेखात आहे.

जरा विचार करा. राजाचा जावई कायमचे पैसे कुठे ठेवतो, तर विणकरांकडे. आजच्या विणकराला बँकेत कर्जासाठी किती खेटे घालावे लागतात ते येवल्यात कोणालाही विचारावे. त्या श्रेणींची पत तेवढी मोठी होती. पण त्या श्रेणींना सूत कोणी पुरवले? लेखात कातणाऱ्यांचा शब्द नाही. त्यांची श्रेणी नव्हती, म्हणून त्यांच्याकडे ठेव ठेवण्याचा प्रश्नच आला नाही.

कातणारीची दखल घेतली ती एका वेगळ्याच ग्रंथाने, आणि तीही प्रेमापोटी नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूत्राध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. विधवा, अपंग स्त्रिया, संन्यासिनी, म्हाताऱ्या झालेल्या राजदासी, अशांकडून सूत कातून घेणे हे त्याचे काम. मजुरी सुताचा बारीक-जाडपणा पाहून ठरवायची. ज्या स्त्रिया घराबाहेर पडत नाहीत त्यांना दासींमार्फत घरी काम पोचवायचे. पहाटे सूत घेऊन आलेल्या बाईच्या तोंडाकडे अधिकाऱ्याने पाहिले किंवा कामाखेरीज काही बोलला तर दंड. दिव्याचा उजेड फक्त सूत तपासण्यापुरता. आणि मजुरी द्यायला उशीर केला तर त्याहून मोठा दंड! उशिराच्या दंडाचे हे कलम आजच्या काही संस्थांच्या कचेरीत टांगायला हरकत नाही.

असो. जुन्या श्रेणींचे मी फार गोडवे गाणार नाही. संघटना झाली की तिला दारे लावायचा मोह होतोच. येवल्याचेच पाहा. रघोजी नाईकांनी गाव वसवले, रेशमाचे कारागीर बोलावून आणले, आणि त्यांना तिथल्या धंद्याची मक्तेदारी मिळाली. बाहेरच्या कोणी तिथे रेशमाचा माग घालायचा नाही. हे पिढ्यान् पिढ्या चालले. अखेर १८६४च्या सुमारास नवे लोक शिरले, प्रकरण कोर्टात गेले आणि मक्तेदारी संपली. आज येवल्याची पैठणी जगभर जाते. २०१० साली तिला भौगोलिक उपदर्शनाची नोंदणीही मिळाली. पण तिचे रेशीम येते बंगळूरकडून आणि जर सुरतेहून. विणकाम अस्सल, कसब थक्क करणारे, यात शंकाच नाही. सूत मात्र दुसरीकडचे. आणि त्याच जिल्ह्यात, मालेगावात, १८५७नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांच्या वंशजांनी यंत्रमागांचे शहर उभे केले. हातमाग, यंत्रमाग, सुमारे दोन हजार वर्षांची ही सारी वंशावळ एका जिल्ह्यात नांदते. त्यात हातचरखा तेवढा कुठे नाही, म्हणून आमच्या चोवीस जणांच्या वर्गाला मी थोडे महत्त्व देतो.

लोकांच्या डोक्यात एक घोटाळा कायम असतो. हातमागाचे कापड म्हणजे खादी, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. कायद्याने खादी म्हणजे भारतात हाताने कातलेल्या सुताचे, भारतात हातमागावर विणलेले कापड. सूत कापसाचे, रेशमाचे वा लोकरीचे. हातमागाच्या कापडाला सूत गिरणीचे चालते. दोन्ही मागांवर तोच धोटा, तीच फणी. फरक आहे तो फक्त कातणारीचा. म्हणजे ‘खादी’ या एका शब्दात कायद्याने तिला जागा दिली आहे. तो शब्द ढिला पडला की ती पुन्हा बाहेर. राष्ट्रध्वजाचेच घ्या. २०२१च्या डिसेंबरात ध्वजसंहितेत दुरुस्ती झाली आणि यंत्रावरच्या, पॉलिएस्टरच्याही झेंड्यांना परवानगी मिळाली. घराघरांत झेंडा पोचला हे चांगलेच झाले. पण नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत जी माणसे पिढ्यान् पिढ्या झेंड्याचे कापड करीत आली त्यांच्या पोटाला चिमटा बसला, हेही त्याच वाक्यात सांगितले पाहिजे.

मग मजुरीचे काय? सरकारी खादीत कातणाऱ्याला गुंडीवर पैसे मिळतात. गुंडी हजार मीटरची. २०२४च्या ऑक्टोबरात गुंडीचे दहाचे साडेबारा रुपये झाले, २०२५च्या एप्रिलपासून पंधरा. वाढ झाली, आनंद आहे. पण हिशेब करून पाहा. छत्तीस इंच पन्ह्याचे, इंचाला चाळीस-चाळीस धाग्यांचे एक मीटर कापड घेतले तर त्यात सुमारे तीन गुंड्या जातात. म्हणजे मीटरमागे कातणारीचे पंचेचाळीस रुपये. दिवसाला वीस गुंड्या निघाल्या तर तिचे तीनशे रुपये होतात, आणि वीस गुंड्या आमच्या पेटी चरख्यावर सात जन्मांत निघायच्या नाहीत. त्याला आठ चात्यांचा नवा चरखा हवा, तो दिवसभर चालवायला खांदे हवेत, आणि संस्थेकडून पेळू वेळेवर मिळायला हवेत. पेळू आले नाहीत तर तो दिवस कोरडा.

हा प्रश्न नवा नाही. १९३५ साली गांधीजींनी चरखा संघाशी हाच वाद घातला होता. खादी स्वस्त ठेवायची तर कातणारीला कमी द्यावे लागते, जास्त दिले तर खादी खपत नाही, असे व्यवहारी मंडळींचे म्हणणे. गांधीजींचे म्हणणे की आठ तास कातणाऱ्या बाईला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे. मग खादी महाग झाली तरी चालेल. वर्ध्याजवळ नालवाडीला विनोबांनी तर फक्त कातण्याच्या मजुरीवर जगून पाहिले. अर्थशास्त्र शिकण्याचा याहून प्रामाणिक मार्ग मला माहीत नाही. दुसरीकडे यंत्र सुधारण्याचेही प्रयत्न झाले. १९२९ साली उत्तम चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर झाले. त्या काळचे एक लाख! किर्लोस्करवाडीतही त्यासाठी चरखा तयार झाला. बक्षीस कोणालाच मिळाले नाही, पण चरखा म्हणजे यंत्राचा द्वेष असे जे म्हटले जाते, त्याला हे चांगले उत्तर आहे. आमचा पेटी चरखाही येरवड्याच्या तुरुंगातलाच. उचलून कुठेही नेता यावा म्हणून केलेला.

आता कोणी म्हणेल, चोवीस हौशी माणसांनी रविवारी कातल्याने गावाकडच्या बाईला काय मिळाले? अगदी रास्त प्रश्न आहे, आणि मंडळात तो बाईंनीच विचारला. ‘‘आपण पेन्शनवर जगतो. आपले सूत फुकटाचे, म्हणून आपले उपरणे स्वस्त. आपण स्वस्त विकले तर जिचे घर यावर चालते तिचे उपरणे कोण घेईल?’’ बाई अशा बोलल्या की दोन मिनिटे चरखेसुद्धा थांबले. हौसेचे काम बाजारात गेले की ते कष्टाच्या कामाचा भाव पाडते. शिवणकामात हे झाले आहे, पापड-लोणच्यांत झाले आहे. तेव्हा मंडळाने विकायचेच असेल तर आपल्या प्रत्येक तासाची मजुरी लावून विकावे, हे माझे ठाम मत आहे. मग त्या पैशांचे काहीही करा. आणि गिरणीचे सूत वापरायचे असेल तर खुशाल वापरावे. त्यात पाप नाही. चिठ्ठीवर तसे लिहावे, एवढेच. ‘ताणा गिरणीचा, बाणा हाताचा’ असे छापायला शाई जास्त लागत नाही.

सगळ्यांनी चरखा चालवावा असे मी म्हणत नाही. मी स्वतः गिरणीचे कपडे घालतो, आणि हा लेख लिहिताना अंगात आहे तो सदरा कुठल्या यंत्रावर निघाला मला ठाऊक नाही. पण शाळेच्या त्या वर्गात आठवड्याला तीन तास बसल्यापासून दुकानातल्या कापडाकडे माझे डोळे वेगळे पाहतात. पूर्वी मी कापडाला हात लावून पोत पाहायचो, आता आधी धागे मोजतो. बायको म्हणते, दुकानदार तुम्हाला विक्रीकर खात्यातला समजतो.

दुसऱ्या रविवारी मतदान झाले. गिरणीच्या सुताच्या बाजूने सहा, विरुद्ध सोळा, दोघे तटस्थ. तटस्थांत दंतवैद्य होता. दुकानाला पत्र गेले : चाळीस जमणार नाहीत, संक्रांतीपर्यंत बारा देऊ, किंमत तुमच्या किमतीच्या दीडपट, चिठ्ठीवर किती तास कातले आणि किती तास विणले ते लिहू. पत्र बाईंच्या सुवाच्य अक्षरात होते, खाली चोवीस जणांच्या सह्या, सहा जणांच्याही. उत्तर अजून आलेले नाही. कापूस मात्र आणून ठेवला आहे, आणि परवाच्या रविवारी सरकी काढून पिंजायला बसायचे आहे.